न्झुरीनंतरचा शब्द

नवऱ्याच्या क्लिनिकमध्ये साफसफाई करणारी बाई केनियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरची होती. ईदच्या सुट्टीत आम्ही त्याच बेटावर जाणार हे कळल्यावर ती कुवेतमधल्या महबूल्यातल्या आमच्या घरी आली. नर्सेसकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "मॅडम, मेरी मामा को देखके आओ."

"हिच्या मामाला काय झालं?" नवऱ्याने मला मराठीत विचारले. तिच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत आमचा चहा संपला होता.

सुट्टीनंतर तिला कराराच्या कागदावर सही करायची होती. केली की आणखी दोन वर्षे घरी जाता येणार नव्हते. सही करायची की नाही, हे आईच्या तब्येतीवर ठरणार होते. आईकडे साधा फोन, चेहरा दिसण्याची सोय नाही. ही फोनवर विचारायची, "हबारी?" म्हणजे काय बातमी. आई म्हणायची, "न्झुरी." म्हणजे चांगली.

"खाली न्झुरी बोलती. तुम पेपर में काम किया ना? सच देखके आना."

मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. इतरांनी आणलेल्या बातम्या तपासणे हे माझे काम.

होडी लागली तेव्हा किनाऱ्यावर कोणी नव्हते. वाळू पांढरी, पिठासारखी. चालताना पावलांचा आवाज होत नव्हता. मागे जुने गाव. प्रवाळाच्या दगडाची घरे, नक्षीचे दरवाजे, आणि गल्ल्या अशा की समोरून गाढव आले की भिंतीला चिकटावे लागे. होडीवाल्याला इंग्रजी येत होते, तोच दुभाषा झाला. वाटेत भेटेल त्याने "हबारी?" विचारले आणि प्रत्येकाला तो "न्झुरी" म्हणाला. त्याचा हात झोळीत बांधलेला होता. मी त्याकडे बोट दाखवले.

"आधी न्झुरी," तो म्हणाला. "मग लाकिनी, पडलो."

लाकिनी म्हणजे पण. कुवेतच्या बाजारात लाकिन, हिंदीत लेकिन. हा एक शब्द आम्हाला शिकावा लागला नाही.

आई दाराबाहेरच्या दगडी बाकावर बसली होती. मी हातात दिलेला खजुराचा डबा तिने हुंगला आणि हसली. मुलीची बातमी विचारली. मी "न्झुरी" म्हणाले. मग मी तिची विचारली. तीही तेच म्हणाली. मी थांबून राहिले. लाकिनी आले नाही.

परतताना ती किनाऱ्यापर्यंत आली, आमच्या पुढे, झपाझप. कुठे अडखळली नाही.

"मामा तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे," नवरा म्हणाला. "झाली बातमी."

होडीवाला होडी सोडायला पाण्यात उतरला. ती आमच्याशी बोलू लागली, आम्हाला कळत नव्हते तरी. चपला काढायला आम्ही थोडे बाजूला सरकलो. ती बोलतच राहिली, आम्ही आधी उभे होतो तिकडे बघून, हात उंचावून. मी खाकरले. ती वळली आणि वाक्य तसेच पुढे चालू ठेवले.

होडीत मी म्हणाले, "तिला दिसत नाही."

"ऊन होतं. डोळे दिपले असतील."

"ऊन तिच्या पाठीला होतं."

"मग निरोप देण्याची रीत असेल तशी. तुला काय ठाऊक?"

ठाऊक नव्हते. होडीवाल्याला विचारले. "म्हातारी आहे," तो म्हणाला आणि इंजिन सुरू केले.

कुवेतला परतल्यावर क्लिनिकच्या दारातच तिने मला गाठले. "हबारी?"

"न्झुरी," मी म्हणाले. ती वाट बघत राहिली. "लाकिनी?"

जे पाहिले तेवढेच सांगितले. डबा, चालणे, रिकाम्या वाळूशी बोलणे. अर्थ सांगितला नाही. मला लागला नव्हता.

"चलते टाइम हाथ दीवार पे था?"

मी आठवून पाहिले. होता. पण त्या गल्लीत माझाही हात भिंतीला होता, नवऱ्याचाही. हेही सांगितले.

तिने मान हलवली आणि बादली उचलून आत गेली.

सही तिने केली नाही. त्या म्हातारीला किती दिसते, किंवा दिसते का, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगी घरी पोचली असेल अशा अंदाजाने मी तिला मेसेज पाठवला: हबारी?

लगेच उत्तर आले. न्झुरी, मॅडम.

पुढचा शब्द येईल म्हणून मी बराच वेळ फोन हातात धरून होते.