पहिल्या रांगेतला पटका

पाचोडजवळच्या आमच्या रानाला पाणी नव्हतं, म्हणून माय-बा शहरात आले आणि दुसऱ्यांच्या भिंतींना पाणी मारू लागले. आमचं पत्र्याचं खोपट एवढं लहान, की पाहुणा आत आला की बा बाहेर जाऊन बसायचा.

त्याच दिवसांत समोरच्या मैदानावर शहराचं बंदिस्त क्रीडागृह उठत होतं. खेळ, कुस्त्या, कव्वाली, सगळं एका छताखाली होणार म्हणे. माय घमेली वाहायची, बा भिंतींना पाणी मारायचा.

उद्घाटनाला दोघं धुतलेल्या कपड्यांत गेले. दारावरच्या माणसानं पास मागितला.

"पास कशाला? ह्या भिंतीला मीच पाणी मारलंय," बा म्हणाला.

"मग भिंतीला टेकून उभे राहा की. बाहेरून."

माय तिथंच बोलली, "आता आत पाय ठेवीन तं लेकीच्या पासावर. अन् बसीन तं पुढंच."

लेक म्हणजे मी. तेव्हा बाराखडीत अडकलेली.

पुढं क्रीडागृह लई जोरात चाललं. कव्वाली आम्हाला घरबसल्या फुकट ऐकू यायची. माय ऐकायची, पण तिकडं बघायची नाही. मग मी एकेक वर्ग चढत गेले आणि क्रीडागृह उतरत गेलं. आधी कूलर गेले, मग छताचे पत्रे निखळले, मग पारवे आले. बॅडमिंटनचं फूल वर गेलं की घरट्यातच राहायचं. गवयांनी वर तोंड करून तान घ्यायचं सोडलं. आता हे बंदच होणार, अशी बोलवा उठली.

"बाई, लवकर पास हो," माय म्हणायची. "ते पडायच्या आत."

मी एकदाही न गचकता बी.ए. झाले. कॉलेजचा पदवीदान समारंभ तिथंच ठरला. पास दोघांचे होते, पण बानं पाचोडहून टेम्पोभर भावकी आणली. दारावर आता कुणी उभंच नव्हतं. धड खुर्च्या फक्त पहिल्या रांगेत होत्या. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आमच्याकडची रीत. रुमाल एका जागेपुरताच, म्हणून बानं डोक्याचा पटका सोडला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगच धरली.

प्राचार्य आले. "हे काय?"

"जागा धरलीय, साहेब."

"अहो, ही पाहुण्यांची रांग आहे."

"पाहुणेच हायेत. पाचोडचे."

मागून प्रमुख पाहुणे आले. त्यांनी पटका पाहिला, बाचं उघडं डोकं पाहिलं. "रुमालाखालची जागा मी एसटीत कधी घेतली नाही, इथं कशी घेऊ?" म्हणाले आणि प्लास्टिकची खुर्ची मागवून बाजूला बसले.

माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या भावकीनं टाळ्या वाजवल्या. माय तेवढी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट ठेवून बसली होती. सोडले तर कुणी उठवील, असं तिला वाटत असावं.

"कसं वाटलं?" घरी येताना मी विचारलं.

"खुर्ची टोचती," ती म्हणाली. "भिंती मात्र चांगल्या हायेत."

बानं पटका पुन्हा बांधायला घेतला.

पुढं क्रीडागृहाला कुलूप लागलं, ते लागलंच. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर झाले, आणि माझ्या मायनं ते पहिल्या रांगेत बसून पाहिलं.