सातमाशीची आंघोळ

आमची लेक सातव्या महिन्यातच आली. बरेच दिवस हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत काढून ती पार्ल्याला घरी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एकच गोष्ट बजावली होती. हिचं वजन वाढायला हवं, नाहीतर काही खरं नाही.

वजन काही केल्या वाढेना. दूध कमी पडत असणार, असं अख्ख्या चाळीने ठरवून टाकलं. मग काय, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खीर, जी ती वाटी घेऊन दारात हजर. मी चांगली फुगले आणि पोर होती तिथेच. दूध तर पोटभर प्यायची. मग ते जातं कुठे? मी रडकुंडीला आले होते.

सासूबाई मालवणच्या. त्यांचा सगळा भरवसा आंघोळीवर. रोज सकाळी मोरीत पाय पसरून बसायच्या, पोरीला पायांवर घेऊन तेल चोळ चोळ चोळायच्या, मग गरम पाण्याचे तांब्यावर तांबे, मग ओव्याची धुरी. त्यानंतर पोर अशी गाढ झोपायची, की त्या शेजारणींना बोलावून दाखवायच्या. मलाही वाटायचं, झकास चाललंय.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा पाहिला आणि पोरीचे तळवे हातात धरले. "आंघोळ कोण घालतं?"

"मी," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "आंघोळ झाली की कशी गाढ निजता!"

"आजी, आंघोळीनंतर ही सुखाने झोपत नाही, दमून झोपते. हिच्या कातडीखाली चरबीच नाही. अंग ओलं झालं की गार पडतं, आणि प्यायलेलं दूध ऊब राखण्यातच संपतं. पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा हिच्या शरीराचा कारभार वेगळा आहे. वाढायला उरणार काय? आंघोळ बंद. अंगाशी धरून ठेवा."

घरात शिरल्यावर सासूबाई सुटल्या. "माझी चार पोरां काय बिनआंघोळीची वाढली?"

मीही वैतागलेच होते. म्हटलं, "आई, ती चौघं दिवस भरून आली होती ना. हिला मिळाले का तेवढे दिवस?"

त्यांनी पोरीला माझ्या हातातून घेतलं, पोलक्याची बटणं काढून तिला छातीशी धरलं, वरून पदर घेतला, पदरावर शाल.

जी बाई घटकाभर बूड टेकत नव्हती, ती आता दिवसभर खाटेवर. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला आणि हुकूम खाटेवरून सुटायचे. "आमटीत तिरफळां घातलंस गो?" पाजायला पोर माझ्याकडे द्यायच्या, तेही उपकार केल्यासारखं. मी चिडायचे. पण दोघी एकमेकींना चिकटून डुलक्या घेताना दिसल्या, की मला सासूबाईंची फार माया यायची.

काटा हलला. आधी जरासा, मग बराच. पोरीच्या मांड्यांना वळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजी, आता घाला खुशाल आंघोळ."

दुसऱ्या दिवशी मी हौसेने पाणी तापवलं, तेलाची वाटी मांडली. सासूबाई खाटेवरून उठेनात.

"आई, पाणी निवतंय."

त्यांनी शाल आणखी लपेटून घेतली. "खयची घाई असा? ऱ्हवांदे अजून चार दिवस."

मी वाद घातला नाही. मोरीचं दार लावलं आणि त्या पाण्याने मीच आंघोळ केली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच सावकाश, गाणं म्हणत.