बपेऱ्याच्या आकड्याचा 'येतो'

अशा गोष्टी मी आजवर फक्त वाचत आलो. या सदरातले अनुभवही वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मान हलवून पान उलटतो. मी गणिताचा पदवीधर. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नसेल तर ते नीट शोधलेलं नसतं, एवढीच माझी श्रद्धा. स्वतःचा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली ती त्यामुळेच... आणि ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्याबद्दल लिहिणं अजून सोपं झालेलं नाही, म्हणूनही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. भंडाऱ्याला नदीच्या पुराचा अंदाज काढणारं एक लहानसं ऑफिस होतं. नाव सांगत नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वायरलेसचा सेट आणि त्यावर बसणारे बिसेनबाबू. आतल्या खोलीत संगणक. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण धूळ चालत नसे. आत आम्ही दोघं – मी आणि मेश्राम.

मेश्राम पवनीकडच्या आसगावचा. माझ्याच वयाचा, पण माझ्यापेक्षा दुप्पट बोलणारा. मी जेवताना पुस्तक वाचतो म्हणून त्यानं माझं नाव 'गुरुजी' ठेवलं होतं. पुराचा प्रोग्राम मूळ त्याचा. सी भाषेत लिहिलेला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बपेरा गावी, पात्रात लावलेल्या पट्टीवर पाणी किती, तो आकडा वायरलेसवर यायचा; बिसेनबाबू तो कागदावर लिहून द्यायचे; आम्ही तो संगणकात घालायचो आणि खालच्या गावांना पाणी किती तासांत पोचेल, हे प्रोग्राम सांगायचा. असे सहा ठिकाणचे आकडे. त्यावरून नदीकाठच्या गावांना निरोप जायचा. दोन वर्षं खपून मेश्रामनं हे केलं होतं.

एवढा मोठा प्रोग्राम कुठे अडला तर कळणार कसं, यावर आमचा सुरुवातीपासून वाद होता. माझ्याकडे एका फ्लॉपीवर डीबगर, म्हणजे चुका शोधणारा प्रोग्राम होता. त्यात प्रोग्राम एकेक ओळ थांबवून तपासता यायचा.

"थांबवून?" मेश्राम म्हणाला. "नदी थांबते का लेका तुह्या डीबगरसाठी?"

"मग फाइलमध्ये लिहू. प्रत्येक पायरीची एक ओळ. नीट, शोधता येईल अशी."

"फाइल लबाड असते, गुरुजी. लिवलं म्हनते अन पोटातच ठेवते. पाचशे अक्षरं जमल्याशिवाय फ्लॉपीवर उतरवत नाई. तेवढ्यात मशीन अडकली तं मरताना काय बोलली, ते गेलं संगच."

त्यानं निवडला प्रिंटर. प्रत्येक ओळ लगेच कागदावर, कर्र-कर्र करत. खर्चिक, गोंगाट करणारा, पण खोटं न बोलणारा. मजकूरही त्यानं आपल्या मनानं घातला. प्रोग्रामचा एखादा भाग कामाला लागला की छापायचं 'आलो', आणि ठिकाणाचं नाव. काम संपवून बाहेर पडला की 'येतो'. इंग्रजी अक्षरांत, कारण प्रिंटरला दुसरी ठाऊक नव्हती.

"बाहेर पडताना 'येतो' काहून?" मी विचारलं. "'गेलो' लिही ना."

"घरून निंगताना तू 'जातो' म्हनतोस का? मायनं जोडा फेकून मारला असता मले."

आमच्याकडे खरंच कुणी 'जातो' म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. ते 'ये' ऐकल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, असं मेश्रामच्या आईचं होतं. ऑफिसातून निघतानाही तो दारात थांबायचा. "येतो, गुरुजी." मी "ये" म्हटल्यावरच चपला घालायचा.

उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. एका शनिवारी दुपारी तो सुट्टीचा अर्ज ठेवून निघाला. दारात थांबला. "येतो, गुरुजी." मी एका आकडेमोडीत अडकलो होतो. मान वर केली नाही. तो थोडा वेळ उभा होता, हे मला कळत होतं. मग चपलांचा आवाज आला.

तीन आठवड्यांनी तो गेला. कावीळ.

आसगावला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. त्याच्या बायकोनं, वहिनींनी, त्याचं ऑफिसातलं काही असेल तर मागितलं. मी त्याच्या प्रोग्रामनं छापलेल्या कागदांची चवड नेली होती. त्यांनी बराच वेळ बोट फिरवत वाचलं. "हे तं त्याईचंच बोलनं आहे," म्हणाल्या. मग थांबून, "एकबी 'येतो' राहिला नाई. सगळे पुरे आहेत." एक राहिला होता, तो कागदावर नव्हता. म्हणजे त्यानं म्हटला होता. माझं 'ये' राहिलं होतं.

त्यानंतर मला त्या खोलीत बसवेना. आकडा घातला की प्रिंटर चालायचा... आलो... येतो... आलो... येतो. दिवसातून कितीतरी वेळा. ऑफिसच्या साहेबांना तो कागदाचा खर्च आणि ती भाषा आधीच खुपत होती. मी त्यांचं निमित्त केलं. एका दिवसात मी प्रोग्राममधल्या त्या सगळ्या ओळी स्वतः काढल्या आणि जागी सरळ इंग्रजी नोंदी घातल्या, फाइलमध्ये उतरणाऱ्या. प्रिंटरची केबल गुंडाळून कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली माझ्या खिशात. खोली एकदम शांत झाली. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

पावसाळा मध्यावर आला आणि प्रोग्राम अडकायला लागला. पडदा गोठायचा, बटण बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. फाइलमधली शेवटची नोंद प्रत्येक वेळी भलत्याच ठिकाणची असायची. मी चार दिवस तो भाग तपासला. त्यात काही चूक नव्हती.

साहेबांनी बोलावलं. "वर पाणी वाढतंय. पुन्हा अडकला तर हे बंद. आलेखाच्या कागदावर हातानं करू, मशीन नागपूरला पत्रं टाइप करायला जाईल. मेश्रामबद्दल मलाही वाईट वाटतं, पण नदीला ते सांगता येत नाही."

चूक नव्हती त्यांची. पण त्या फ्लॉप्यांपलीकडे मेश्रामनं या जगात केलेलं दुसरं काही नव्हतं. आणि ते माझ्या हातून बंद पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी, दुपारचे अडीच वाजले असतील. बपेऱ्याचा नवा आकडा घातला आणि पडदा गोठला. मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. बिसेनबाबू डबा आवरत होते. तेवढ्यात आतून कर्र असा एकच आवाज आला.

"कागद काढून राहिले का?" बिसेनबाबूंनी विचारलं. "प्रिंटर बंद केला म्हनत होते न तुमी?"

आम्ही दोघं आत गेलो. प्रिंटरचा दिवा लागलेला होता – त्याचा आणि संगणकाचा विजेचा बोर्ड एकच. मागे केबल नव्हती. पण कागदावर एक ओळ होती.

'आलो – बपेरा.'

त्याखाली काही नाही. 'येतो' नाही.

बिसेनबाबूंनी मागे वाकून पाहिलं, रिकाम्या जागेत बोट घालून पाहिलं. "अरे बापरे... गुरुजी, मी तं बाहेरच बसतो," म्हणाले आणि खरंच गेले.

मी खाली बसलो. भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो. मला लाज वाटली. प्रोग्राम बपेऱ्याच्या भागात गेला आणि बाहेर आला नाही, म्हणजे चूक तिथेच, एवढं ती ओळ सांगत होती. मेश्राम पहिल्या दिवसापासून मला हेच सांगत होता. माझ्या फाइलच्या शेवटच्या नोंदी पोटातच राहात होत्या आणि मी तिच्या भरवशावर चार दिवस भलतीकडे शोधत होतो.

बपेऱ्याचा भाग उघडला. पाणी किती वेगानं चढतंय हे काढायला तेच गणित पुन्हापुन्हा करणारा एक फेरा, म्हणजे लूप, होता. लागोपाठ दोन आकडे अगदी सारखे आले, की तो संपतच नव्हता. पूर चढून स्थिर झाला की आकडे सारखे येतात. दोन ओळींची दुरुस्ती. तासाभरात प्रोग्राम पुन्हा बांधला, तोच आकडा पुन्हा घातला. पडद्यावर खालच्या गावांच्या वेळा आल्या. मी त्या चिठ्ठीवर उतरवून बाहेर दिल्या. बिसेनबाबूंनी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून घेतल्या आणि निरोप पाठवायला लागले.

मी परत आत आलो, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे प्रिंटर चालला.

तो आवाज मला पाठ होता. किती अक्षरं आहेत तेही ऐकून कळायचं. मी वळलो. एवढंच सांगायचं आहे, की या वेळी मी वळलो.

'येतो – बपेरा.'

खोलीत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. कागदाचं टोक हलत होतं, ते पंख्यानं असेल. मी दाराकडे बघून म्हटलं, "ये."

मोठ्यानं म्हटलं असणार, कारण बाहेरून बिसेनबाबूंनी विचारलं, "मले काही म्हटलं का?"

त्यानंतर जे करायला हवं ते सगळं मी केलं. तयार प्रोग्राममधलं एकेक अक्षर तपासलं. 'आलो', 'येतो' त्यात कुठेच नव्हतं. कपाट उघडलं, केबल जशी गुंडाळली होती तशीच, दोरी बांधलेली. प्रिंटरची स्वतःची चाचणी घेऊन पाहिली. तो केवळ अक्षरमाला छापतो. दुरुस्तीवाला आला, हसला, म्हणाला केबलशिवाय शक्य नाही. मग मी कपाटातली केबल आणून पुन्हा जोडली आणि मेश्रामच्या सगळ्या ओळी होत्या तशा परत घातल्या. साहेब कागदाच्या खर्चाबद्दल परत बोलले नाहीत. ती यंत्रं निघून जाईपर्यंत त्या खोलीत दिवसभर कुणीतरी येत होतं आणि 'येतो' म्हणून जात होतं.

तो कागद माझ्याकडे आहे. शाई आता इतकी फिकी झाली आहे की तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. कारण अजून सापडलेलं नाही. आणि गणिताच्या माणसानं कबूल करू नये असं एक कबूल करतो – मी ते आता शोधत नाही.