पाळण्याचे चार खड्डे

नगरपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी जागांची पाहणी चालली होती, तेव्हा ओढ्याकाठच्या मैदानासमोर 'मोकळी जागा' असं मी लिहिलं. हो, मीच. याच मैदानावर चैत्राच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसून मी लहानपणी आईच्या नावानं बोंबललो होतो. पण पाहणी झाली श्रावणात. तेव्हा तिथं होतं गुडघाभर गवत आणि दोन म्हशी. जन्मभर कारकुनी केली की माणूस समोर दिसेल तेवढंच लिहितो.

आराखडा जाहीर झाला आणि मैदानाच्या जागी दुकानांचं संकुल आलं. पाळणा कुठं लागणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हरकतींच्या सुनावणीला पाळणेवाली बाई श्रीगोंद्याकडच्या एका यात्रेतून एसटीनं आली. पन्नाशीची, काटक, अर्ज स्वतःच्या हातानं लिहिलेला. तिच्या आजेसासऱ्यांपासून पाळणा इथंच लागत आलाय; ही जागा गेली की आमच्या गावची यात्रा तिच्यापुरती संपली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "वहिवाटीचा काही पुरावा?" मला वाटलं, झालं, आटोपलं.

"कागद न्हाई साहेब," ती म्हणाली. "कुदळ घिऊन चला."

साहेब खरंच उठले, याबद्दल मी त्यांना आजही मानतो. मैदानात बाईनं लिंबाच्या झाडाला पाठ लावली, पावलं टाकत गेली आणि थांबली. "हितं." शिपायानं गवत खरवडलं. काळ्या मातीत लाल मुरमाचा गोल निघाला. मग दुसरा, तिसरा, चौथा. पाळण्याचे चार पाय! यात्रा उठली की हे लोक खड्ड्यांत मुरूम घालून, ठोकून ते बुजवतात आणि पुढच्या वर्षी तेच उघडतात.

"मातीनंच का नाही बुजवत?" साहेबांनी विचारलं.

"काळी माती दबती. पावसात एखाद्या म्हशीचा पाय गेला तर? आमी जातो, पर गाव हितंच ऱ्हातंय की."

मला लाज वाटली. आमच्या कचेरीनं खोदलेला एक तरी खड्डा कुणी इतक्या मायेनं बुजवला असेल तर शपथ.

अंतिम नकाशात त्या जागेवर 'यात्रा मैदान' असं छापून आलं. चैत्रात पाळणा उभा राहत होता, तेव्हा मी नकाशाची प्रत घेऊन गेलो. ती बाईच्या हातात दिली आणि एकदाचं कबूल केलं, "ताई, ते 'मोकळी जागा' मीच लिहिलं होतं."

तिनं पान्यानं नट आवळत माझ्याकडं पाहिलं आणि हसली.

"मंग बरूबरच लिवलं हुतं की, भाऊसाहेब. आमी जाताना मोकळीच करून जातो."