पोटाला शिवलेला हात

माझा उजवा हात काही आठवडे माझ्याच पोटाला शिवलेला होता. खोटं वाटत असेल तर वाटू दे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नुकतं लग्न झालं होतं. केम या आमच्या गावी शेतावर कडबा कापायच्या यंत्रात पेंढी सारताना हात दातेरी चाकात गेला. बोटं वाचली, पण हाताच्या पाठीवरची कातडी पार सोलून निघाली.

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "यावर जिवंत कातडी बसली तर हात राहील, नाहीतर काढावा लागेल." त्यांनी पोटावरची कातडी उचलून हातावर शिवली, पण तिची एक बाजू पोटालाच जोडलेली ठेवली. आधी ती पोटाच्या रक्तावर जगणार. हाताकडून तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरल्या की पोटाकडची बाजू कापायची. नाही शिरल्या तर कातडी काळी पडणार आणि हातही जाणार. मला ऐकूनच घाम फुटला. उजवा हात नसला तर भाकरी कशी थापायची, आणि भाकरी न थापणारी सून घरात ठेवणार कोण?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्याच माझ्याजवळ राहिल्या. घास भरवायच्या, वेणी घालायच्या, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्या पदराखालचा फुगवटा बघून "कितवा महिना?" विचारलं, तर तिच्यावर खेकसल्या, "हात हाय त्यो!"

गावाकडची माणसं गाडीनं बघायला यायला लागली. जो तो वाकून बघणार आणि चुकचुकणार. आत्याबाईंचं डोकं फिरलं. तिथल्या नवी पेठेतून काळा दोरा आणला आणि माझा डोळा लागला असताना दृष्ट लागू नये म्हणून पट्टी सरकवून बांधला. कुठं? मनगटाला नाही, गळ्यात नाही, तर पोटावरून हातावर येणाऱ्या कातडीच्या देठालाच, करकचून! "लोकं तितंच बगत्यात, मग दोरा तितंच नको व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

दुपारी नर्सनं पट्टी सोडली तर कातडी जांभळी. डॉक्टर धावत आले, दोरा कापला आणि आत्याबाईंना असं फैलावर घेतलं की सगळा वॉर्ड चिडीचूप. मीही भडकले. "आत्याबाई, माझा हात घालवलात!" हळूहळू कातडी परत गुलाबी झाली, पण त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, तरी रागही गेला नव्हता.

पुढं एक दिवस बघते तर डॉक्टरच त्या देठाला रबरी नळी आवळताहेत! आत्याबाई ताडकन उठल्या.

"आता? मग माझ्या दोऱ्यानं तुमचं काय घोडं मारलं हुतं?"

डॉक्टरांना हसू आलं. "मावशी, तेव्हा हाताकडून रक्त येतच नव्हतं. दोरा राहिला असता तर कातडी मेली असती. आता रोज थोडा वेळच पोटाकडचं रक्त अडवायचं. प्राणवायू कमी पडला की ती हाताकडून नव्या वाटा काढते."

"म्हंजी जरा उपाशी ठिवली की कामाला लागती," आत्याबाई म्हणाल्या. "सुनंवानी!"

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

रोज नळी आवळली की आत्याबाई कातडीकडं टक लावून बसायच्या. जरा निळसर दिसली की "सोडा की, सोडा!" म्हणून नर्सच्या मागं लागायच्या. रोज ती जरा जास्त वेळ गुलाबी राहायला लागली. अखेर डॉक्टरांनी पोटाकडची बाजू कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुई घेतली. लाल रक्त आलं तर हात माझा. आत्याबाईंनी माझा खांदा घट्ट धरला. डॉक्टरांनी हातावरच्या कातडीत टोचलं. आधी काहीच दिसेना. मग एक थेंब वर आला, लालभडक.

"रगत आलं! माझ्या सुनंला रगत आलं की गं!" आत्याबाई वॉर्डभर ओरडत सुटल्या.

नव्या कातडीला अजून जाणीव नव्हती, सुई टोचलेली मला कळलीसुद्धा नव्हती, आणि तरी मी हंबरडा फोडून रडले.