सात नंबरची जीभ

संतोकबेन परमार डेअरी कॉलेजात लागली ती काचेची भांडी घासायला. तिथं फळांचं दही, फळांचं श्रीखंड असले प्रयोग चालत. एकदा विभागप्रमुख अमीनसाहेबांनी चिकूच्या दह्याचे कप चवीसाठी मांडले. सहा प्राध्यापकांनी चाखून माना डोलावल्या. उष्टे कप उचलता उचलता संतोकबेननं बोट चाटलं आणि म्हणाली, "साहेब, दूध गंजक्या कॅनमधलं आहे." सगळे हसले. साहेबांनी मात्र कॅन बघायला माणूस धाडला. कॅन तळाशी गंजलेलाच निघाला.

तेव्हापासून ती चाखणाऱ्यांत बसू लागली. कागदावर नाव नाही. 'परीक्षक क्रमांक सात', एवढंच. दूध जरा जास्त तापलं तरी तिला कळे. आंब्याचा गर गेल्या मोसमातला आहे, हे ती डोळे मिटून सांगे. जीभ जपायची म्हणून साहेबांनी तिची लसूण बंद केली, मिरची बंद केली, तपकीरही सोडायला लावली. मुलीच्या लग्नातसुद्धा ती दूधभात खाऊन उठली. नवरा चिडवायचा, "तुझी जीभ सरकारजमा झाली गं." तिला त्याचाही अभिमान वाटायचा.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग एका तापात ती आठवडाभर पडली आणि उठली तेव्हा चवच गेली होती. गूळ आणि माती सारखीच. तिनं कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या परीक्षकाच्या कागदावर तिरका डोळा ठेवून ती आकडे भरू लागली.

दोन वर्षांनी साहेबांच्या हाताखालच्या वैदेही त्रिवेदीला शंका आली. सहा आणि सात नंबरचे आकडे सदा जुळ्या भावंडांसारखे कसे? साहेब म्हणाले, "बघून टाकू. उद्या पाहुणेही आहेत, त्यांचीही करमणूक होईल."

दुसऱ्या दिवशी दर दोन परीक्षकांच्या मध्ये पुठ्ठे उभे केलेले होते. संतोकबेनपुढं एकच कप आला. पाहुणे मागं उभे राहिले.

"कसं आहे, बेन?" साहेबांनी विचारलं.

तिनं उजवीकडं पाहिलं. पुठ्ठा.

"छान आहे साहेब. चिकू चांगला पिकलाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणखी घ्या. आता?"

"वेलदोडा आहे थोडा."

"आवडलंय ना? मग संपवा की," वैदेही म्हणाली.

तिनं चाटूनपुसून संपवलं. तेव्हा साहेब म्हणाले, "त्यात कडूजहर काडेचिराईत होतं, बेन. म्हशीनंही तोंड लावलं नसतं." पाहुण्यांना हसू आवरेना. एकानं तर डोळे पुसले.

ते गेल्यावर साहेबांनी दार लावलं. संतोकबेन पदराचं टोक पिळत उभी होती.

"कधीपासून?"

"तापापासून. दोन वर्षं झाली."

वैदेहीनं विचारलं, "सर, चिकूच्या दह्यावरच्या शोधनिबंधातले तिचे आकडे काढायचे?"

साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. "काढले तर आपला चिकू पडतो. राहू देत." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "बाहेर बोललात तर नोकरी जाईल. उद्यापासून भांडी."

निबंधाला बक्षीस मिळालं. त्या समारंभाचे कप तिनंच घासले. पोरं मुद्दाम साबणाचं पाणी कपात घालून पुढं करत, "बेन, चाखून सांगा ना!" ती कप घेई, ओते, घासून पालथा घाली.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तिला श्रीखंडाचा डबा दिला. "घरच्यांना द्या. तुम्हाला त्याचा काय उपयोग!"

"हो साहेब," ती म्हणाली.

घरी सगळ्यांनी ते पुरीबरोबर खाल्लं. सुनेनं बोट चाटत सासूला विचारलं, "बा, जरा आंबट लागतंय का हो?"

"मला काय विचारतेस?" म्हणून संतोकबेन उठली आणि ताटं गोळा करू लागली.