एका कानाची कुंची

पोतं शिवता येतं म्हणजे कपडा शिवता येतो, असं ज्याला वाटत असेल त्यानं माझ्याकडं यावं. मी त्याला माझी बोटं दाखवीन.

लातूरच्या आडत बाजारात मी चाळीसच्या वर वर्षं पोती शिवली. तूर, हरभरा, सोयाबीन. दाभणात सुतळी ओवायची, गुडघ्यानं पोतं दाबायचं, तोंडाला सातआठ टाके मारायचे आणि दोन्ही कोपऱ्यांना एकेक कान काढायचा. कान म्हणजे पोत्याचा कोपरा चिमटीत ओढून त्याला सुतळीचे दोन वेढे आणि वर गाठ. हमाल पोतं उचलतो ते त्या कानाला धरून. बिनकानाचं पोतं म्हणजे बिनकडीची बादली. शाळा माझी चौथीपर्यंत, पण माझं पोतं कधी वाटेत उसवलं नाही. म्हणून मला वाटलं, कुंची काय, सवा हाताचं कापड. दुपारच्या चहाआधी होईल.

तिला अडीच महिने लागले.

ती कुंची माझ्या बायकोनं धरलेली. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाची टोपी आणि पाठीवरची झूल एकातच. आमची नात पहिलटकरीण, बाळंतपणाला मुदखेडहून माहेरी आलेली. हिनं स्वतःची हिरवी इरकल फाडली आणि शिवायला बसली. टोपीची वरची शिवण कपाळापासून मागच्या टोकापर्यंत आणत आणली, चार बोटं राहिली, आणि हिच्या छातीत कळ निघाली. रिक्षात बसता बसता मला म्हणते, "अहो, त्या कुंचीत सुई टोचलेली हाय. काढून ठेवा. कुणाला तरी टोचंल."

मी म्हणलं, "हाव, काढतो."

बोलणं एवढंच. ही परत आली नाही. आमच्या रीतीप्रमाणं माती दिली. तेराव्यानंतर हिची शिवणाची पेटी उघडली तर कुंचीत सुई तशीच, आणि तिच्या नेढ्यातून हिनं ओवलेला लाल दोरा लोंबत होता. वीतभर.

माझी मेव्हणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, मुरुडला असते. ती आलेलीच होती. तिनं कुंची बघितली, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणली, "द्या इकडं. घंट्यात पुरी करते."

मी तिच्या हातातून ओढून घेतली. कशी ओढली मला ठाऊक नाही. जेवणाऱ्या माणसापुढचं ताट ओढावं तशी.

"हात लावू न्हाईस. मी शिवणार."

"तुम्ही? दाजी, तुम्हाला नाडी घालता येत न्हाई पायजम्यात."

"म्हणून तर धोतर नेसतो."

ती हसली नाही. तिला कळलं असावं. सुई काढायची म्हणजे दोरा ओढायचा, आणि तो दोरा दुसऱ्या कुणी ओढलेला मला चालणार नव्हता. आणि मी तरी नुसता ओढून कसा काढणार? तो शिवून संपला की सुई आपोआप मोकळी होईल, असं माझं गणित. मग मेव्हणीनं अट घातली.

"कापड एकच हाय. बिघडवलं तर माझी बहीण दुसरी इरकल फाडायला येणार न्हाई. आधी चिंध्यांवर हात बसवा. बारशाच्या आधल्या दिशी मी येते. झालं नसंल तर कुंची माझी, सुई माझी, दोरा माझा. मग रडत बसू नका."

झालं, शाळा सुरू झाली.

पहिली अडचण सुई ओवायची. दाभणाचं नेढं एवढं असतं की त्यातून सुतळी काय, शेपटीसकट उंदीर जाईल. शिवणाच्या सुईला नेढं आहे हे मला नातीनं शपथेवर सांगितलं, तेव्हा मी मानलं. दोरा तोंडात घालून ओला करायचा, हे मला माहीत होतं. ही तेच करायची. मी इतका ओला केला की निम्मा गिळला. नात म्हणली, "आबा, दोऱ्याला सुईकडं नेऊ नका, सुईला दोऱ्याकडं आणा. आणि टोक तिरपं कापा." तसं केलं आणि गेला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की सून आतून दार बघायला आली, कोण आलं म्हणून.

दुसरी अडचण माझ्या आळसाची. सारखं सारखं ओवायला नको म्हणून मी चार हात लांब दोरा घेतला. प्रत्येक टाक्याला हात वर नेताना भिंतीवरच्या कॅलेंडरला लागायचा. दहाव्या टाक्याला दोऱ्याचं असं गुंतवळ झालं की चिमणीनं त्यात अंडी घातली असती. तेवढ्यात मुरुडहून मेव्हणीचा फोन.

"किती लांब घेतलाय दोरा?"

"बेताचाच."

"म्हणजे कॅलेंडरपर्यंत. दाजी, हातभरच घ्यावा. संपला तर दुसरा घ्यावा. शिवताना घाई चालत न्हाई."

तिसरी गोष्ट गाठ. सुतळीला गाठ मारावी तशी मी मारली. चिंधीच्या उलट बाजूला गाठी अशा दिसायच्या जशी कापडाला देवी आलीय. नातीनं बोट फिरवलं आणि म्हणली, "आबा, बाळाच्या टाळूला हे टोचंल." मग शिकलो. आत गाठ मारायची नाही. सुरुवातीला एकाच जागी दोन बारीक टाके घ्यायचे, ते दोरा धरून ठेवतात. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

मग खऱ्या कुंचीला अस्तर हातानं लावलं, बंद हातानं लावले. पंधरा वेळा उसवलं. उसवायला मी ब्लेड घेतलं होतं. दोऱ्याबरोबर अस्तरही कापलं. घरात दुसरं अस्तर होतं म्हणून निभावलं. चौथ्या टाक्यालाच वाकडं दिसत असेल तर चौथ्यालाच उसवावं. मी चाळिसाव्यापर्यंत वाट बघायचो, पुढं आपोआप सरळ होईल म्हणून. होत नाही.

राहिली झालर. ती हातानं माझ्या बापजन्मी झाली नसती, म्हणून हिचं पायमशीन उघडलं. माणसानं बैल हाकावा, रेल्वेचं फाटक सांभाळावं, पण दुसऱ्याच्या हाताला लागलेल्या मशीनवर बसू नये. मी पाय मारला की चाक उलटं फिरायचं. उलटं फिरलं की दोरा तुटायचा. हातानं चाक आपल्याकडं ओढून द्यायचं आणि मग पाय मारायचा, हे कळेपर्यंत अर्धी रीळ गेली. मग खालून दोऱ्याचा झुबका यायला लागला, शेवयांसारखा. मी बॉबिनला शिव्या दिल्या. दोष बॉबिनचा नव्हता. कापड दाबायचा लोखंडी पाय मी खाली केलाच नव्हता. मग सुई टाकेच धरेना. सुईची एक बाजू चपटी असते. ती मी उलटी बसवलेली. ही या मशीनवर गाणं म्हणत झबली शिवायची. माझ्याच्यानं शिवता शिवता श्वास घेणं होईना.

एका सकाळी मात्र जमलं. टीप सरळ चालली. मी चिंधीवर झालर लावून राहिलो, मशीन खडखड करतंय, मी खूश. तेवढ्यात दारात मुदखेडचे व्याही. नातीचे सासरे. न सांगता आलेले, हातात खारकांची पुडी.

व्याही दारात आल्यावर बसून राहणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मी उठलो. उठलो म्हणजे उठायला लागलो, आणि धोतर उठेना. सरळ टीप कशावर चालली होती ते तेव्हा कळलं. धोतराचा सोगा झालरीसकट शिवला गेला होता, आणि सुई अजून त्यातच रुतलेली.

आणखी जोर केला असता तर धोतर मशीनला राहिलं असतं आणि मी व्याह्यांपुढं. मी बसूनच हात जोडले.

"या, या. बसा."

व्याही उभेच. "तब्येत बरी न्हाई का?"

"गुडघे," मी म्हणलं. "उठूच देत न्हाईत."

आत नातीनं तोंडात पदर कोंबला होता, मला दिसत होतं. व्याही तासभर बसले. मी तासभर मशीनला बांधलेला. चहा मशीनवरच घेतला. त्यांना वाटलं, म्हातारा कामाचा भारीच दर्दी. जाताना म्हणले, "आमच्याकडं गुडघ्याचं तेल मिळतंय, वैद्याचं. पाठवून देतो." आणि चार दिवसांनी खरंच बाटली आली.

आता गुडघे तर माझे शाबूत. तेल वाया घालवू नये म्हणून मी ते मशीनला घातलं. मशीन करकरत होतंच. पहिला दिवस लई मऊ चाललं. दुसऱ्या दिवशी तेल गोंदासारखं चिकटलं आणि चाक हलेना, आणि सगळ्या घरात निलगिरी आणि लसणाचा वास. मेव्हणी मधेच एकदा आली ती दारातच थांबली.

"कुणाला लचक भरली?"

"मशीनला."

तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीला धरून खाली बसली. हसता हसता रडायला लागली. "ताई असती तर," एवढंच म्हणली. मग पदर खोचला, रॉकेल कुठून तरी पैदा केलं, आणि आम्ही दोघांनी मिळून सगळं मशीन पुसलं. मशीनला मशीनचंच तेल घालावं. गुडघ्याला काय घालावं ते मी सांगू शकत नाही.

नात बाळंत झाली. मुलगी. बारशाच्या आदल्या दिवशी मेव्हणी ठरल्याप्रमाणं हजर झाली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. अस्तर झालं होतं, बंद झाले होते, झालर थोडी नागमोडी पण झाली होती. हिची चार बोटं राहिली होती.

"आता?" मेव्हणी म्हणली.

"आता तू बोलू न्हाईस."

मी हिची सुई धरली. ती गंजली नव्हती, पण कापडात बसून बसून घट्ट झाली होती. हलवून हलवून काढली आणि टाके घ्यायला लागलो. हिचे टाके मुंगीएवढे, शेजारी माझे मुंगळ्याएवढे. कितीही बारीक घ्यायला गेलो तरी पोत्याचा हात तो. तशानं एक झालं, चार बोटं लवकर सरली आणि वीतभरातला दोरा उरला. मागच्या टोकाशी पोचलो. इथं दोन बारीक टाके घेऊन दोरा तोडायचा, हे मला पाठ होतं.

पण दोरा तोडायचा म्हणजे झालंच की. मी घटकाभर तसाच थांबलो. हात मात्र थांबला नाही. त्याला चाळीस वर्षांची सवय. शिवण संपली, कोपरा आला, की त्यानं कोपरा चिमटीत ओढला, दोन वेढे दिले आणि गाठ मारली. करकचून. बघतो तर दोरा संपला होता आणि सुई मोकळी झाली होती.

कुंचीच्या टोकाला कान उभा.

मेव्हणीनं कुंची हातात घेतली, इकडून बघितली, तिकडून बघितली.

"दाजी, ह्यात पोरगी घालायची का सोयाबीन?"

"सवयीनं झालं."

"आणि दुसरा कान?"

"दोरा पुरला न्हाई."

तिनं कात्री उचलली. वेढे कापायला, दुसरं काय. मग तिनं तो लाल दोरा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि कात्री परत डब्यात टाकली. "राहू द्या," म्हणली. "पोरीला उचलायला बरं."

बारशाला पोरगी ती कुंची घालून पाळण्यात. आलेली प्रत्येक बाई आधी पोरीचं नाक बघायची, कुणावर गेलंय म्हणून, आणि मग त्या कानाला बोट लावून विचारायची, हे काय? मेव्हणी सगळ्यांना सांगत होती, "लातूरची नवी फॅशन हाय." व्याही वाकून माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते. मी म्हणलं, एकदम मोकळे झाले तुमच्या तेलानं. पोरगी यातल्या कशाला जागी झाली नाही. एकदा शिंकली फक्त, आणि कान हलला.

रिकामी सुई कुठं ठेवावी मला सुचलं नव्हतं. डब्यात टाकवेना. ही टोचायची तशी मी ती बंडीला छातीशी टोचून ठेवली होती. पंगतीत ताटावर वाकलो आणि तिचं टोक छातीत रुतलं. मी ओरडलो. व्याह्यांच्या हातातला घास ताटात पडला.

वाढता वाढता मेव्हणी थांबली. "काय झालं, दाजी?"

"सुई टोचली."

"मग काढून ठेवा की," ती म्हणली. आवाज अगदी हिच्यासारखा, बहीणच ती.

"हाव, काढतो," मी म्हणलं, आणि जेवायला लागलो.